पाणी हवं, भात नको

सरकारी कागद फुसाएने तीन वेळा वाचला आणि तिन्ही वेळा एकच अर्थ निघाला: सरकारचं डोकं फिरलं आहे.

भातखाचरात भाताऐवजी दुसरं पीक घेतलं म्हणून मिळणारं अनुदान पुढेही हवं असेल, तर ते खाचर अजून खाचरच आहे हे सिद्ध करा, असं कागद म्हणत होता. आणि सिद्ध कसं करायचं? पाच वर्षांतून एकदा, सलग एक महिना, खाचरात पाणी भरून ठेवायचं. पीक नको, नुसतं पाणी. महिनाअखेरीला कचेरीतून माणूस येणार आणि फोटो काढणार. पाणी दिसलं तर खाचर. नाही दिसलं तर ती साधी जमीन, आणि साध्या जमिनीला छदामही नाही.

"म्हणजे भात लावू नका म्हणून पैसे देतात," याएको म्हणाली, "आणि भात लावता येतो हे दाखवलं नाही तर पैसे काढून घेतात."

"बरोबर."

"आणि हे ठरवणाऱ्यांना पगार मिळतो?"

"बोनससुद्धा."

दोघी फुसाएच्या पडवीत चहा पीत बसल्या होत्या. कामिनोसावा वाडीत चौदा घरं, त्यातल्या नवांना कुलपं. उरलेल्यांतल्या तीन बायकांनी मिळून 'नागाता' नावाच्या खाचरात आणि त्याच्या आसपास सोबा लावायला घेतला होता. काळ्या तिकोनी दाण्यांचं ते पीक, त्याच्या पिठाच्या शेवया खाली गावात विकल्या जात. फुसाए या मंडळाची प्रमुख, वय अडुसष्ट. याएको खजिनदार. तिसरी, याएकोची जाऊ, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फक्त तोंडाने सभासद राहिली होती.

शेवयांवर कुणी श्रीमंत होत नव्हतं. पण अनुदानातून कापणीयंत्राचं डिझेल आणि दरवर्षीची दुरुस्ती निघायची. ते थांबलं की यंत्र थांबणार, यंत्र थांबलं की सोबा थांबणार, आणि मग डोंगरावरचा बांबू खाली उतरणार. पलीकडच्या वाडीत तो उतरला होता. तिथल्या एका बंद घरात जमीन फोडून वर आला, चटया उचलल्या आणि बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर जाऊन उभा राहिला. फुसाएने ते खिडकीतून स्वतः पाहिलं होतं. त्या दिवसापासून तिने ठरवलं होतं की आपल्यात जीव आहे तोवर बांबू रस्त्याच्या अलीकडे येणार नाही.

"भरू पाणी," ती म्हणाली. "महिन्याचा तर प्रश्न. सोबा काय, ऑगस्टात पेरायचा."

मेच्या वीस तारखेला पाटाची फळी काढली. पाणी आलं, नागातात पसरलं, आणि संध्याकाळपर्यंत निघूनही गेलं. पाच वर्षं कोरडं पडलेलं खाचर ते. खालची घट्ट माती तडकली होती, आणि बांधात मोगुरांनी संसार थाटले होते. मोगुरा म्हणजे घुशीचा आंधळा धाकटा भाऊ. दिसत नाही, ऐकत नाही, फक्त बोगदे खणतो. कुठेतरी पाणी मुरतंय हे लोक नुसतं म्हणतात. फुसाए ते रोज सकाळी कुदळ घेऊन शोधायला जात होती.

तिने पुन्हा चिखलणी केली. भोकांत चिकणमाती ठोकली. याएकोने त्यात नवऱ्याचे जुने मोजे कोंबले, वासाने तरी पळतील म्हणून.

"मेले असतील बिचारे," फुसाए म्हणाली.

"मी मेले नाही चाळीस वर्षांत."

मग प्लास्टिकच्या बाटल्या कापून भिरभिऱ्या केल्या आणि बांधावर काठ्यांना लावल्या. वाऱ्याने त्या फिरल्या की काठी थरथरते, जमीन थरथरते आणि मोगुरा वैतागून घर बदलतो, असा सगळ्या मुलखाचा अनुभव. तेवीस भिरभिऱ्या झाल्या. एका रविवारी शहरातलं जोडपं गाडी थांबवून त्यांचे फोटो काढू लागलं. हे कुठल्या कलाकाराचं काम आहे, अशी त्यांनी चौकशी केली. याएकोने सगळं श्रेय स्वतः घेतलं.

दहाव्या दिवशी पाणी टिकलं. त्यात आभाळ दिसू लागलं, रानबदकांची एक जोडी येऊन राहिली, आणि फुसाए रोज बांधावर बसून त्या पाण्याकडे दुभत्या म्हशीकडे पाहावं तसं पाहू लागली.

वरच्या घरातून आणखी एक जण पाहत होता. जिनसाकु आजोबा, वय एक्क्याण्णव. चार वर्षांपूर्वी मुलाने शहरातून फोनवरच त्यांची शेती बंद करवली होती. तेव्हापासून ते दुकानातल्या पिशवीतला तांदूळ खात, आणि जेवताना दर घासाला पिशवीला शिव्या देत. पण एप्रिल आला की हात स्वस्थ बसत नसत. दरवर्षी सवयीने पाट्यांत रोपं करत आणि कुणाला कमी पडली तर वाटून टाकत. वाडीत आता कुणाला कमी पडत नव्हती, कारण लावणारंच कुणी नव्हतं.

आजोबांना ऐकू जवळजवळ येत नव्हतं. कानातलं यंत्र होतं, पण ते कपाटात ठेवलेलं असायचं. ते फक्त सरकारी माणसासाठी, असं ते म्हणत. बाकीच्यांचं बोलणं इतकं महत्त्वाचं नसतं.

जूनच्या मध्यावर ते बांधावर आले.

"फुसाए! लावणी कधी गं?"

"लावणी नाही, आजोबा! नुसतं पाणी! तपासणी आहे!"

"काय?"

"तीस तारखेला!"

"तीसला?" आजोबांचा चेहरा पडला. "फार उशीर गं. रोपं म्हातारी होतात तोवर."

"करणार काय! सरकारी काम!"

"एकटीला जमेल का?"

"जमेल, जमेल! होऊन जाईल!"

आजोबा मान हलवत वर गेले. फुसाएला वाटलं, समजलं म्हाताऱ्याला.

तीस तारखेच्या सकाळी ती सूप चुलीवर ठेवून सहज पाणी बघायला गेली, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. खाचरातलं मात्र जागच्या जागी होतं. त्यातून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, भाताची रोपं वर आली होती. सुतात ओवल्यासारख्या सरळ ओळी. बदकं बांधावर येऊन बसली होती, घर विकलं गेल्यासारखी.

बांधाच्या कोपऱ्यावर लावणीचं जुनं दोन ओळींचं यंत्र, शेजारी रिकाम्या पाट्यांचा ढीग, आणि ढिगाला टेकून जिनसाकु आजोबा. चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेले, भाताचा गोळा खात होते.

"आजोबा..." ती धावत त्यांच्यापाशी आली.

"उजाडताच सुरू केलं," आजोबा म्हणाले. "महिनाभर बघतोय, पाणी आहे आणि रोप नाही. बाई कुठून आणणार, कुणाला मागणार, लाजत असेल. आज तीस तारीख म्हणालीस, म्हटलं आपणच टाकू उरकून. आभार नकोत. शेजारधर्म आहे."

इतके खूश दिसत होते ते, की फुसाएने खाली वाकून आभारच मानले. महिनाभराच्या कुदळीवर पाणी फिरलं होतं आणि ती आभार मानत होती.

मग तिने याएकोला फोन केला. याएको आली, बघितलं आणि बाह्या सरसावल्या.

"उपटू?" तिने विचारलं.

"साहेब दहाला येणार. म्हणजे पावणेदहाला. दोघींनी उपटायचं म्हटलं तर संध्याकाळ होईल."

"मग तण म्हणू."

"काय?"

"तण गं. खाचरातलं तण आणि भात लहानपणी सारखंच दिसतं, भल्याभल्यांना ओळखू येत नाही. आणि हा साहेब एप्रिलच्या बदल्यांत आलाय. त्याआधी बारा वर्षं वाचनालयात होता. त्याला काय कळतंय!"

फुसाए आयुष्यात कधी सरकारी माणसाशी खोटं बोलली नव्हती. खरं तर कधी संधीच मिळाली नव्हती. तिने जिनसाकु आजोबांना, दमलात, आंघोळ करा, झोपा, असं हातवारे करून घरी पाठवलं आणि देवाचं नाव घेऊन उभी राहिली.

तेराउचीसाहेब पावणेदहाला आले. पन्नाशीचा, सडपातळ माणूस, पायात कोरे रबरी बूट, काखेत नियमांचं जाडजूड पुस्तक. पाणी पाहून त्यांनीच सुटकेचा श्वास सोडला. त्याआधीच्या तीन वाड्यांत पाणी नव्हतं आणि एका आजीबाई त्यांच्यासमोर रडल्या होत्या.

"पाणी आहे," असं म्हणत त्यांनी लिहिलं. "आणि हे हिरवं?"

"तण," फुसाए म्हणाली. कान तापले तिचे.

"तण." त्यांनी लिहिलं. "बरंच आहे."

"यंदा फार झालं," याएको म्हणाली.

"ओळीत आलं आहे."

"आमच्याकडचं तण शिस्तीचं, साहेब. कवायत केल्यासारखं येतं."

साहेबांनी खिशातून टेप काढून मोजलं. "दोन ओळींत तीस सेंटिमीटर."

"कधी कधी एकोणतीस," याएको म्हणाली.

साहेब पुढे काही विचारणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"तण कोण म्हणालं?"

जिनसाकु आजोबा. आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आले होते, कारण सरकारी माणसाची गाडी त्यांनी वरून पाहिली होती. आणि त्याच कारणाने आज यंत्र कानात होतं.

"एक्क्याण्णव वर्षांत माझ्या हाताखालून तण निघालं नाही! माझ्या बापाच्या वेळेपासूनचं बी आहे हे! तण म्हणे! डोळे आहेत की भिरभिऱ्या?"

"आजोबा, हळू..." फुसाए म्हणाली.

"हळू का? आज ऐकू येतंय मला!"

तेराउचीसाहेबांनी दोघी बायकांकडे पाहिलं. पुस्तक उशिरा परत आणणाऱ्या वाचकाकडे बघावं तसं, रागाने नाही, पण दुःखाने. फुसाएने मग सगळं खरं सांगून टाकलं. मोगुरा, मोजे, तीस तारीख, सगळं. सांगताना तिला रडू आलं आणि रडताना स्वतःचा राग आला.

साहेबांनी 'तण' हा शब्द रेघ मारून खोडला.

"हे मी लिहिलंच नाही असं समजा," ते म्हणाले. "पण अर्जात तुम्ही सोबा लिहिलाय आणि खाचरात भात आहे. असा फोटो मला काढता येत नाही. यंदाचं अनुदान जाईल, आणि खोटा अर्ज म्हणून शेरा पडला तर पुढचंही. मात्र... मला संध्याकाळपर्यंत दुसरं काम नाही. मी गाडीत बसतो. बाहेर आल्यावर नुसतं पाणी दिसलं, तर मी नुसत्या पाण्याचा फोटो काढीन."

याहून जास्त कुठल्या साहेबाने काय करावं? फुसाए चिखलात उतरली आणि रोपांचा पहिला चुडा उपटला. रोप सहज निघालं. सकाळीच लावलेलं, अजून मुळं धरायची होती त्याला. दुसरी ओळ झाली. तिसरी अर्धी झाली तेव्हा शेजारी पाण्यात पाय पडल्याचा आवाज आला. इस्त्रीच्या सदऱ्यासकट जिनसाकु आजोबा उतरले होते आणि तिच्या दुप्पट वेगाने उपटत होते.

"राहू द्या, आजोबा."

"माझी चूक, मीच काढतो. सवय आहे मला." ते वर न बघताच बोलत होते. "चाळिशीत होतो तेव्हाही काढलाय. भात फार झाला म्हणाले देशात. असाच साहेब बांधावर उभा होता, असेच कोरे बूट. लोंब्यांत दूध भरलं होतं. हिरवाच कापायला लावला. पैसे दिले, नाही म्हणत नाही, चोख दिले. मी म्हटलं, निदान गुरांना घालतो. नियमात बसत नाही म्हणाले. मग तो बांधावर पडून कुजला. महिनाभर वास येत होता. बायकोने त्या बाजूच्या खिडक्याच उघडल्या नाहीत."

फुसाएच्या हातात चुडा तसाच राहिला. तिला स्वतःची लाज वाटली. बांबू आठवला, यंत्र आठवलं, आणि तरीही पुढचं रोप उपटायला हात होईना. ती चिखलात नुसती उभी राहिली.

"याएको," ती म्हणाली, "साहेबांना सांग, भात लिहा म्हणावं. जाऊ दे पैसे."

पण साहेब गाडीत नव्हतेच. बांधावर उभे राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि ते पुस्तकाची पानं भराभर उलटत होते.

"गुरांना म्हणालात?" ते ओरडले. "आता बसतं! आता नियमात बसतं! पान त्रेचाळीस!"

हे पुस्तक कचेरीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला तो एकटाच माणूस असावा. पान त्रेचाळीसवर चाऱ्याचा भात होता. दाणे पिकायच्या आत अख्खं पीक कापायचं आणि गुरांना घालायचं. त्यालाही अनुदान होतं. पिकाचं नाव बदलून द्यायची मुदत आज सव्वापाचपर्यंत.

"आणि अनुदान सोबाच्या चौपट," साहेब म्हणाले.

"चौपट?" याएको म्हणाली. "गाय खाते म्हणून?"

"हो."

"आणि हाच भात माणसाने खाल्ला तर?"

"तर काही नाही."

"ही गाय निवडणुकीला उभी राहते का हो?"

खालच्या वळणावर गोंदाचा गोठा होता, अकरा गाई. फुसाएने फोन लावला. गोंदा म्हणाला, चारा फुकट मिळतोय तर सहीचा शिक्का आत्ता घेऊन येतो. सगळं जुळत होतं. फक्त कागदावर एक ओळ होती आणि साहेबांनी ती मोठ्याने वाचली: या पिकातला कोणताही भाग माणसाच्या खाण्यात येणार नाही.

जिनसाकु आजोबा चिखलातून बाहेर आले नव्हते.

"म्हणजे मी लावला तो गाय खाणार."

"हो, आजोबा," फुसाए म्हणाली.

"आणि मी?"

साहेब कागदावरची ओळ पुन्हा वाचू लागले.

"मला वाटलं होतं," आजोबा म्हणाले, "तू एक वाटी देशील. नवा तांदूळ. पिशवीतला नाही. एकदाच." मग स्वतःच हसले. "म्हातारा हावरट झालाय."

फुसाएने कधी विचारच केला नव्हता की त्यालाही यातून काही हवं असेल. आपलं खाचर, आपलं अनुदान, आपला बांबू, आणि म्हातारा मध्ये आलेला. एवढंच तिने पाहिलं होतं.

"तुम्ही नको म्हणालात तर नको," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, आणि म्हणताना पायाखालचा चिखल खचल्यासारखं झालं.

आजोबांनी साहेबांकडे पाहिलं. "ती खाईल? नक्की? का कापून ठेवणार आणि पडू देणार?"

साहेबांनी पुस्तक तपासलं. याही प्रसंगी तपासलं. "संपूर्ण खाऊ घालणं बंधनकारक आहे," ते म्हणाले. "मी येऊन बघेन."

"मग लिहा," आजोबा म्हणाले.

उपटलेल्या ओळी परत लावायला सगळे खाली वाकले. तेराउचीसाहेबही बूट काढून उतरले. त्यांची ओळ नागमोडी गेली, मध्येच थांबली आणि शेजारच्या ओळीत घुसली.

"हे मात्र तण," जिनसाकु आजोबा म्हणाले.

सप्टेंबरात गोंदाने यंत्र आणलं. लोंब्या वाकायला लागल्या होत्या, दाणे अजून हिरवे, दाबले की दूध यायचं. तासाभरात खाचर मोकळं झालं आणि बांधावर पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेले मोठाले गठ्ठे उभे राहिले. ते महिनाभर मुरवून मग हिवाळाभर घालायचे. फुसाएने गोंदाला सांगून एक भारा तसाच मोकळा ठेवायला लावला. तो छोट्या ट्रकात टाकला, आजोबांना शेजारी बसवलं आणि गोठ्यावर नेलं.

आजोबा इस्त्रीच्या सदऱ्यात होते. कानात यंत्र होतं. फुसाएने पाहिलं. आज सरकारी माणूस तर कुणी येणार नव्हता.

किकुयो नावाची थोराड काळी गाय पुढे आली. आजोबांनी भारा दोन्ही हातांनी उचलून तिच्यापुढे धरला, कुणा मोठ्या पाहुण्याला द्यावा तसा. किकुयोने हुंगलं, एक लोंबी ओढली, आणि मग तोंड घालून खायला लागली. हिरव्या दाण्यांचा कुरकुर आवाज गोठाभर झाला. आजोबा मान वाकडी करून ऐकत होते. गोंदा काहीतरी सांगायला लागला तेव्हा त्यांनी हात वर करून त्याला गप्प बसवलं.

बराच वेळ गेला. फुसाएचे पाय दुखायला लागले, पण तिने चला म्हटलं नाही. किकुयोने भारा संपवला, खाली सांडलेलं चाटलं, मग आजोबांचे रिकामे हात चाटले आणि आणखी आहे का म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

आजोबांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. डोळ्यांतलं पाणी पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा त्यांनी पुसलं नाही.

"फुसाए," ते म्हणाले, "एक काडी ठेवली नाही गं हिने."